लोकांना सांगितलेली कावीळ

मी बंगळुरातल्या एका मुलींच्या कॉलेजात रसायनशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर आहे. परीक्षा जवळ आल्या की आमच्या लेडीज रूमच्या बाकावर एखादी मुलगी भिंतीकडे तोंड करून झोपलेली सापडते. विचारलं तर डोकं दुखतंय म्हणते. बऱ्याचदा खरंच दुखत असतं. पण कधीकधी मला नुसत्या पाठीवरून कळतं की दुखणं डोक्याचं नाही, कारण काही वर्षांपूर्वी मी अशीच पाठ करून दुसऱ्या एका कॉलेजात झोपत होते. या मुलींसाठी आणि त्यांच्या आयांसाठी हे लिहिते आहे. आयांनी आधी वाचावं. मुलींना त्या दिवसांत वाचायचं त्राण नसतं.

आमचं घर बंगळुरातलं जुनं मराठी. किती जुनं ते कुणालाच नीट ठाऊक नाही. पूर्वज कुठल्याशा फौजेबरोबर आले आणि परत जायचे राहून गेले, एवढंच सांगतात. घरी मराठीच बोलतो, पण तिच्यात कन्नड इतकं मुरलंय की पुण्याकडचे पाहुणे आले की तोंडावर हात ठेवून हसतात. वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो, आईला अम्मा आणि माझ्याहून मोठ्या बहिणीला अक्का. अण्णांचं चिकपेठेत शिवणकामाचं दुकान. अक्का मॅट्रिक होऊन घरी, तिच्यासाठी स्थळं बघणं चाललेलं. मी विमल, बी.एस्सी.ला. अख्ख्या नात्यात कॉलेजात गेलेली पहिली मुलगी. अम्माला याचा अभिमान फार होता आणि धास्ती त्याहून जास्त.

आळस

दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर मला फार लवकर जाग यायला लागली, पण अंथरुणातून उठवेना. वेणी घालायची म्हणजे डोंगर चढायचा. पुस्तकाचं एकच पान कितीतरी वेळा वाचायची आणि मिटल्यावर त्यात काय होतं ते आठवायचं नाही. भूक गेली. मैत्रिणी हसल्या की मलाही तोंड तसं करावं लागे आणि त्याने मी दमून जाई. दुःख झालंय असं मात्र वाटत नव्हतं. लोक विचारतात, तुला कशाचं एवढं दुःख झालं होतं? कशाचंच नाही. कुणी गेलं नव्हतं, कुणी रागावलं नव्हतं. मी त्याला आळस म्हणत होते. घरात सगळ्यात जास्त लाड झालेली मुलगी आळशी निघाली, असा माझा माझ्यापुरता निकाल झाला होता.

अम्माने दृष्ट काढली. मग मंगळवारी बनशंकरीच्या देवळात नेऊन माझ्या हातून लिंबाचे दिवे लावून घेतले. खरं सांगायचं तर मला तिथे बरं वाटायचं. रांगेत कुणी कुणाला काही विचारत नाही.

प्रयोगशाळेत एक दिवस मी ब्यूरेटचा नळ उघडला आणि बंद करायला विसरले. खालच्या फ्लास्कमधला रंग केव्हाच बदलून गेला, फ्लास्क भरून वाहायला लागला, आम्ल टेबलावरून खाली आलं, तरी मी बघत उभीच. आमच्या जोसेफ मॅडम, केरळच्या, बोलायला फटकळ. मला त्यांच्या ओरडण्याची सवय होती. त्या दिवशी त्यांनी माझ्या हाताखालून नळ बंद केला आणि काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी त्या आमच्या घरी आल्या. अम्माने कॉफी दिली. मॅडमनी मोडक्या कन्नडात सांगितलं की हिला डॉक्टरला दाखवा, पण तापखोकल्याच्या नव्हे, आणि एका रुग्णालयाचं नाव घेतलं. बंगळुरात ते नाव लोक एकमेकांना चिडवायला वापरतात. अम्माच्या हातातला तांब्या खाली ठेवायचा राहून गेला.

निदान

ते रुग्णालय कुठलं, ते लिहीत नाही. तेव्हा ते गावाबाहेर वाटे. अम्मा आणि मी बसने गेलो. अम्माने ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून डोक्यावरून पदर पार नाकापर्यंत ओढून घेतला होता, त्यामुळे बसमधले सगळे आमच्याकडेच बघत होते.

डॉक्टर बाई होत्या, कन्नड बोलणाऱ्या, माझ्या आत्याच्या वयाच्या. त्यांनी मला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर अम्माने दिलं. झोप येते का, भूक लागते का, अभ्यास होतो का. अम्मा म्हणे सगळं होतं, स्वल्प अशक्तपणा आहे. शेवटी बाईंनी तिला बाहेर बसायला सांगितलं. मग मला विचारलं, जगावंसं वाटतं का? मी म्हटलं, नाही वाटत. इतक्या दिवसांत मी बोललेलं ते पहिलं खरं वाक्य असावं. ते बोलल्यावर आकाश कोसळलं नाही. बाईंनी मान हलवली, जशी मला सर्दी झाल्याचं सांगितलं असतं तर हलवली असती. त्याने मला रडू फुटलं.

त्या म्हणाल्या, याला खिन्नता म्हणतात, हा आजार आहे, आळस नाही. गोळ्या घ्याव्या लागतील, लगेच गुण येणार नाही, काही आठवडे जातील, पण येईल. मी जगावंसं वाटत नाही म्हटलं होतं, म्हणून आत्ता इथेच राहायचं. आणि सोबत घरचं माणूस राहायला हवं, त्याशिवाय आम्ही ठेवून घेत नाही.

अम्मा राहिली तर शेजारीपाजारी विचारणार. अण्णांना बायकांच्या वॉर्डात राहता येत नाही. शेवटी अक्का राहिली. आणि गल्लीत सांगायला अम्माने एक आजार शोधून काढला. विमलला कावीळ झालीय, जयनगरला मावशीकडे ठेवलीय, सोबत अक्का गेलीय.

दोघींना एक अक्का

वॉर्डचा दिवस असा: सकाळी कॉफी, मग गोळ्या, मग आवारात फिरणं, मग वाट बघणं. कशाची ते ठाऊक नाही, पण सगळ्या बायका कशाची तरी वाट बघत असल्यासारख्या बसत. आवाराच्या मागच्या बाजूला नातेवाइकांना स्वयंपाकाला चुली होत्या, आणि तिथली भांडणं ऐकून कुठल्याही लग्नघराची आठवण झाली असती. मला भीती विजेचे शॉक देतात त्या खोलीची होती. मला ते द्यावे लागले नाहीत. पण त्या दारावरून जाताना मी भिंतीला घासून चालायची.

माझ्या शेजारच्या खाटेवर मेलिन होती. मलायाहून वैद्यकीय शिकायला आलेली, चिनी घरातली मुलगी. तिच्या सोबत राहायला कुणीच नव्हतं. घरचे समुद्रापलीकडे, आणि हॉस्टेलच्या बाई दुपारी येऊन घड्याळ बघून जायच्या. नियमाने तिला परत पाठवायला हवं होतं. डॉक्टर आणि मुख्य नर्स आमच्या खाटेशेजारी उभ्या राहून काय करायचं ते बोलत होत्या. अक्काला इंग्रजी येत नाही. तिने मला विचारलं, मी सांगितलं. ती नर्सला कन्नडात म्हणाली, "हिलाही माझ्या नावावर लिहा. एकीला कालवलं की दुसरीला घास जातोच."

तसं झालं. अक्का दोघींची वेणी घालायची, दोघींवर ओरडायची. मेलिनला आमची भाषा येत नव्हती, तिने पहिला शब्द शिकला तो अक्का.

मेलिन आणि मी इंग्रजीत बोलायचो, थोडं थोडं. तिचं म्हणणं, तिचं पोट जळतं, छातीवर काहीतरी बसलेलं आहे. मन वगैरे तिच्या बोलण्यात यायचंच नाही. मी म्हणे, तू डॉक्टर होणार ना, तुला कळायला नको? ती म्हणे, पुस्तकात वाचलेलं दुसऱ्यांना होतं. मला वाटे हिला माझ्यासारखं काही नाहीच, हिला पोटाचं आहे. मी डॉक्टरबाईंना तसं म्हटलंही. त्या हसल्या. म्हणाल्या, कॉलेजातली मुलं माझ्याकडे निरनिराळ्या मुलखांतून येतात. एक म्हणतो डोकं जड आहे, एक म्हणते पोट जळतं, एकाला वाटतं देव रागावलाय, आणि तुझ्यासारख्या हुशार मुली म्हणतात मी आळशी आहे. ज्याच्या घरात जे दुखणं बोलायला चालतं, तेच तो घेऊन येतो. माझ्या आजारपणात ऐकलेलं सगळ्यात उपयोगाचं वाक्य ते. मेलिनला शॉक दिले. पहिला शॉक घेऊन परत आली तेव्हा ती मला ओळखायला वेळ लावत होती आणि मी घाबरून रडले. पुढे एका सकाळी तिने अक्काच्या ताटातला लोणच्याचा खार बोटाने चाटला आणि अजून मागितला. तिचा भाऊ येऊन तिला घरी घेऊन गेला. ती आता तिकडे डॉक्टर आहे.

माझं सुधारणं असं दिसण्यासारखं नव्हतं. अक्काला दिवसभर गुणगुणायची खोड आहे, सूर सोडून. एका सकाळी मी तिच्यावर ओरडले, बंद कर ते. अक्का रुसली. डॉक्टरबाई मात्र खूश झाल्या. म्हणाल्या, राग यायला लागला ना, आता बाकीचंही येईल. त्याच आठवड्यात मला भूक लागली. साधी भूक, पोटात कावळे ओरडणारी. मी दोनदा भात मागून घेतला आणि अक्काने तोंड फिरवून डोळे पुसले.

घरी सोडताना बाईंनी बजावलं की बरं वाटायला लागलं की गोळ्या बंद कराव्याशा वाटतील, तेव्हाच करायच्या नाहीत. दर सोमवारी येऊन दाखवायचं. पुढच्या वर्षी कॉलेज परत सुरू करता येईल. मला तेवढंच हवं होतं.

माळ

घरी आले तर कावीळ माझी वाट बघत बसली होती. शेजारणी उसाचा रस घेऊन आल्या. कुणी भुईआवळ्याचा पाला आणला. काविळीत तेलतूप वर्ज्य, म्हणून माणसं घरात असेपर्यंत मला मऊ भात आणि ताक. आत अक्का वडे तळतेय, वास दरवळतोय, आणि मी बाहेर काविळीची रोगी म्हणून ताकभात गिळतेय. बाईंनी मोठ्या कष्टाने परत आणलेली माझी भूक अशी फुकट चालली होती.

मग येलहंक्याचे मामा आले, अम्माचे चुलतभाऊ. काविळीची माळ घालण्यात त्यांचं नाव होतं. कुठल्याशा झुडपाच्या काड्यांचे बारीक तुकडे दोऱ्यात गाठी मारून ते कडं करतात आणि डोक्यावर ठेवतात. कावीळ उतरेल तशी माळ लांबत जाते, गळ्यात येते, मग कमरेपर्यंत, मग पायातून काढून पाण्यात सोडायची. मामांना नाही म्हणायचं तर कावीळ नाही हे सांगावं लागलं असतं. मी डोक्यावर माळ ठेवून बसले. काड्या सुकल्या की गाठी सैल होतात आणि माळ लांबते, हे रसायन न शिकताही कळेल. माझीही लांबली. गळ्यात आली, छातीवर आली. गल्लीतली मुलं रोज बघायला यायची.

आम्हाला चौघांना ठाऊक होतं की कावीळ कधी नव्हतीच. पण अम्मा रोज सकाळी माळ कुठवर आली ते बघे आणि तिचा चेहरा उजळे. आधी मी आणि अक्का हसलो. मग ज्या दिवशी माळ पायातून काढली त्या दिवशी अम्मा म्हणाली, "उतरली बा एकदाची. आता गोळ्या पुरे."

मी म्हटलं, अम्मा, गोळ्या काविळीच्या नाहीत. तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तिचंही अगदी चुकत नव्हतं. तुमकूरहून अक्काला बघायला येणार होते, मुलगा सरकारी कारखान्यात कारकून, माणसं आमच्यातलीच. गोळ्यांनी माझे हात जरासे कापत, तोंडाला कोरड पडे, आणि कॉफीचा ट्रे मीच घेऊन जाणार होते. दर सोमवारी ही कुठे जाते, असं कुणी विचारलं तर? अक्काचं ठरेपर्यंत थांबू, नंतर बघू, असं अम्मा म्हणाली. अक्काच्या लग्नाआड मी येतेय या विचाराने मी गप्प बसले. अण्णांना कुणी काही सांगितलं नाही. ते दुकानातून आले की जेवायचे आणि झोपायचे.

हात कापायचे थांबले. मग हळूहळू जाग लवकर यायला लागली. मग वेणी घालायचा कंटाळा. पुढचं मला पाठ होतं आणि त्याने मी पहिल्यापेक्षा जास्त घाबरले. पहिल्या वेळी निदान पुढे काय आहे ते ठाऊक नव्हतं. पाहुण्यांचं येणं पुढच्या मुहूर्तावर गेलं, अम्मा म्हणाली एवढं झालं की लगेच जाऊ. मी भिंतीकडे तोंड करून झोपायला लागले.

तुमकूरची माणसं

ती आली एका दुपारी. मुलगा, त्याचे वडील, आई. मुलगा बोलायला बरा होता, अक्काकडे चोरून बघत होता, अक्काही. मी ट्रे नेला. हात अगदी स्थिर होते. मुलाची आई माझ्याकडे बघत राहिली आणि तिने विचारलं, ही एवढी सुकलेली का?

"कावीळ झालीती," अम्मा म्हणाली. "आता सगळं सरी झालं, बरी आहे."

माझ्या मनात तेव्हा काहीच आलं नाही. न रुसवा, न राग. तेच वाईट लक्षण होतं आणि ते ओळखणारी त्या खोलीत एकच होती. अक्काने पदर सावरला आणि खाली बघत, बघायला आलेल्यांसमोर मुलीने बोलायचं असतं त्याच हळू आवाजात म्हणाली, "कावीळ नव्हती. तिचं मन आजारी होतं. मी आस्पत्रेत तिच्यासंगट राहिले. गोळ्या घेत होती तंवर बरी होती. तुम्ही येणार म्हणून बंद केल्या."

मुलाच्या आईने कॉफीचा पेला अर्धा ठेवला. कोणती आस्पत्रे, ते तिने विचारलं नाही. बंगळुरात मनाची आस्पत्रे म्हटलं की एकच. मुलाचे वडील हवापाण्याबद्दल दोन वाक्यं बोलले आणि कळवतो म्हणून ती मंडळी उठली.

अण्णा त्यांना दारापर्यंत पोहोचवून परत आले. ते आयुष्यात कुणावर ओरडल्याचं मला आठवत नाही, तेव्हाही ओरडले नाहीत. "गोळ्या बंद केल्या?" त्यांनी विचारलं. अम्मा पेले गोळा करायला लागली. "उद्या दुकान बंद ठेवतो," ते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी मला स्वतः घेऊन गेले. डॉक्टरबाईंसमोर ते पहिल्यापासून शेवटपर्यंत उभेच राहिले, बसा म्हटलं तरी बसेनात.

तुमकूरहून काही कळवणं आलं नाही. अम्मा अक्काशी बोलेना. मीठ हवं असलं तर मला सांगायची, अक्काला मीठ दे म्हणावं. अक्का आत जाऊन रडायची आणि बाहेर येऊन मला गोळी द्यायची, माझ्यासमोर पाण्याचा पेला धरून, मी गिळेपर्यंत. मी तिला एकदा विचारलं, तुला तो मुलगा आवडला होता का? ती म्हणाली, होता. पुढे तिचं लग्न हुबळीच्या एका शिक्षकाशी झालं, सगळं आधी सांगून, आणि ती सुखात आहे. पण ते पुढे. त्या दिवसांत ती बावीस वर्षांची होती आणि तिने माझ्यासाठी आपलं जमत आलेलं मोडलं होतं. मला त्याची लाज वाटे, आणि लाज वाटतेय म्हणजे गोळ्या लागू पडताहेत हेही कळे.

काही आठवड्यांनी, एका शनिवारी सकाळी, दाराशी तुमकूरच्या बाई उभ्या. मुलाच्या आई. बरोबर घरचं पुरुषमाणूस नव्हतं, एक मुलगी होती, माझ्या वयाची. केस कसेबसे बांधलेले, चपलांकडे बघत उभी. बाईंनी लग्नाचा विषय काढला नाही. बसल्या, पाणी प्यायल्या आणि अक्काकडे बघून बोलायला लागल्या. ही धाकटी. म्हैसूरला हॉस्टेलात राहून बी.ए. करते, करत होती. अंथरुणातून उठत नाही, जेवत नाही, विचारलं तर पाठीत कळ येते म्हणते. हॉस्टेलवाल्यांनी घरी पाठवून दिली.

"आम्ही टायफॉईड सांगितलंय," त्या म्हणाल्या. "तुम्ही राहिलात ती आस्पत्रे कुठं आहे?"

अक्काच्या जागी मी असते तर दारही उघडलं नसतं. मी त्या मुलीला माझ्या शेजारी बसवून घेतलं. ती बसली आणि तिने डोकं मागे भिंतीला टेकलं.

आत भांड्यांचा आवाज थांबला. अम्मा बाहेर आली, ओले हात पदराला पुसत, आणि त्या बाईंच्या समोर खाली बसली.

"मी कावीळ सांगितली," ती म्हणाली. "रोज सांगून सांगून मलाच खरी वाटायला लागली. पोरीच्या गोळ्या मी बंद केल्या." तिने अक्काकडे बघितलं, तेही इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. "तिथं घरचं माणूस राहावं लागतं. तुम्ही राहा. जेवण मी घेऊन येते."

पहिल्या दिवसानंतर अम्मा रुग्णालयाच्या फाटकातून आत गेली नव्हती. मी तिथे होते तेव्हासुद्धा नाही. सोमवारी आम्ही पाचजणी बसने गेलो. या वेळी तिचा पदर खांद्यावरच होता. फाटकावरच्या माणसाने विचारलं, कुणाला काय झालंय? तुमकूरच्या बाई तोंड उघडून तशाच उभ्या राहिल्या. तेव्हा अम्माने माझा हात धरून मला पुढे घेतलं आणि त्यांच्या आधी माझ्या आजाराचं नाव सांगितलं.